आत काय आहे ते सांगा

नणंद: थांब, थांब. पुन्हा सांग. तू स्वतःचं पाकीट स्वतःच्या हातानं बसमध्ये टाकून आलीस?

बायको: टाकलं नाही, वन्सं. सीटवर ठेवलं. उतरताना कंडक्टरला म्हटलं, दादा, हे कुणाचं तरी राहिलंय बघा. त्यानं घेतलं. डेपोत गेला की तो ते तुमच्या भावाच्या खिडकीत देणार. नियमच आहे तसा.

नणंद: आणि माझा भाऊ ते उघडणार.

बायको: उघडणार, वाचणार, आणि मालकाच्या शोधात गावभर फिरणार. हरवलं-सापडलंच्या खिडकीत बसून एकवीस वर्षं दुसरं काय केलंय त्यांनी? म्हटलं, एकदा माझ्यासाठीही फिरू देत.

नणंद: अगं, पण त्यात पत्ता असेल तर संध्याकाळी तुझ्याच हातात आणून देईल. संपला खेळ.

बायको: नाव, पत्ता, कारखान्याचं ओळखपत्र, सगळं काढून घेतलंय. बाकीचं तसंच ठेवलं. चार वर्षं ते पाकीट माझ्या पिशवीत आहे. रोज सकाळी ह्यांच्या डोळ्यांदेखत त्यातून दूधवाल्याला पैसे देते. मला एवढंच बघायचंय, ओळखतात का.

नणंद: आणि नाही ओळखलं तर?

बायको: बेवारशी वस्तू तीन दिवस खिडकीत ठेवतात. मालक आला नाही तर चौथ्या दिवशी गोदामात जाते. मीही तीन दिवसच धरलेत. नाही ओळखलं, तर मी लेकीकडे जाणार. ती कधीची बोलावतेय.

नणंद: जा की. चार दिवस राहून ये, डोकं शांत होईल.

बायको: राहून यायला नाही जाणार, वन्सं.

नणंद: ...हे सगळं त्या व्हायोलिनवालीमुळे ना?

बायको: तिचा विषय काढू नका.

नणंद: म्हणजे तिच्यामुळेच.

बायको: तिला कितीची चप्पल लागते ते मला ठाऊक आहे. माझ्या नवऱ्यानं सांगितलं, जेवता जेवता. तिच्या पाकिटात चप्पल दुरुस्तीची चिठ्ठी होती ना, त्यावरून. आणि एका पुडीत व्हायोलिनची तार. पत्ता नव्हता. तर ती तार घेऊन हे वाद्यांच्या दुकानांतून हिंडले. सहा दिवस. कामावरून सुटले की थेट तिकडे, आणि घरी आले की तिचीच कथा. आज अमुक दुकानदार म्हणाला, ही तार शिकवणारे लोक घेतात. आज तमक्यानं सांगितलं, डावखुऱ्या एक बाई आहेत. मी समोर बसून पोळी मोडतेय. माझा हात डावा की उजवा, विचारा त्यांना.

नणंद: एवढं तर माहीत असेल.

बायको: विचारा. सहाव्या दिवशी ती सापडली. घरी आले तेव्हा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. लग्नात पाहिला नव्हता तसा.

नणंद: लग्नात तो भुकेला होता. मला आठवतंय.

बायको: हसा तुम्ही.

नणंद: बरं, नाही हसत. पण माझा भाऊ म्हणून सांगत नाही, तो तसा माणूस नाही.

बायको: तसा नाही, हेच तर. तसा असता तर चार शब्द सुनावले असते, मोकळी झाले असते. हा माणूस खिडकीवर पाटी लावतो, ‘पाकीट परत करायला गेलो आहे’, आणि भर कामाच्या वेळी लोकांच्या घरी जातो. साहेबांची परवानगी आहे त्याला. लेकीच्या शाळेत तिला बक्षीस होतं तेव्हा लावली का ती पाटी? मी दवाखान्यात होते तेव्हा लावली? म्हणाले, रांग होती.

नणंद: जळतेस तू.

बायको: जळते. लपवत नाही. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी कारखान्यातली वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आले, मग म्हटलं, चला, डेपोवर जाऊ, सहाला दोघं मिळून परत येऊ. गेले. तर खिडकीशी ती बाई. आभार मानायला आलेली, बिस्किटांचा पुडा घेऊन. आणि हे हसत होते, वन्सं. खदखदून. खिडकीबाहेर हात काढून तिला काहीतरी सांगत होते आणि हसत होते. मी खांबाआड उभी राहिले. पुढची बस आली, तिच्यात बसले, परत आले.

नणंद: विचारलं नाहीस त्याला?

बायको: त्यांनीच विचारलं, गप्प का? म्हटलं, काही नाही.

नणंद: हेच तुझं. पोटात आग आणि ओठांवर ‘काही नाही’. आगीचा बंब कुठल्या पत्त्यावर पाठवायचा माणसानं?

*

नवरा: आज एक पाकीट आलंय.

बायको: रोजच येतात. भात वाढू?

नवरा: वाढ. हे वेगळं आहे.

बायको: बायकांचं?

नवरा: तुला कसं कळलं?

बायको: वेगळं म्हणालात म्हणून. कसं आहे दिसायला?

नवरा: दिसायला काय, साधंच. तपकिरी, बटणाचं. अशी हजार बघतो मी. पण आत... पत्ता नाही, नाव नाही. पैसे किरकोळ. एका कागदात टोचून ठेवलेल्या दोन सुया. खोकल्याच्या गोळ्या. आणि एक कापडाचा तुकडा, नखाएवढा. गडद निळा. कडेनं दोरे सुटू नयेत म्हणून एवढ्याशा तुकड्यालाही चारी बाजूंनी टाके घातलेत. म्हणजे बघ, शिवणारी बाई.

बायको: मीही शिवते.

नवरा: तू कॉलर लावतेस. ते कारखान्याचं काम झालं. ही घरच्या कुणासाठी तरी शिवते. रंग जुळवायला तुकडा नेला असणार दुकानात, आणि मग टाकवला नाही तिला. जपून ठेवणारी आहे.

बायको: गडद निळा म्हणजे कसा? तुमच्या ह्या शर्टासारखा?

नवरा: छे. हा तर राखाडी झालाय. तो छान निळा आहे. आमटी नको, पुरे. आणि एक डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आहे. वरचा भाग फाटलाय, नेमका नावाचा. खाली तारखा. एक तारीख दिलेली, ती खोडून दुसरी, ती खोडून तिसरी. तिसरीही उलटून गेलीय. तीनदा ठरवून ही बाई गेली नाही.

बायको: वेळ झाला नसेल.

नवरा: वेळ नाही गं. भीती. शिवणारीचे डोळे गेले तर काम जातं. आणि घरात कुणाला सांगितलं नसणार.

बायको: हे चिठ्ठीवर लिहिलंय?

नवरा: घरात कुणाला माहीत असतं, तर एवढ्यात कुणीतरी हाताला धरून नेलं असतं की. एकटी असावी. किंवा... माणसं असतील घरात, पण असून नसल्यासारखी.

बायको: असून नसल्यासारखी.

नवरा: काय झालं?

बायको: काही नाही. ताक घ्या.

नवरा: आणि सगळ्यात मजेची गोष्ट सांगू? दोन तिकिटं. एकाच दिवसाची, घडी करून एकत्र ठेवलेली. एक आपल्याच थांब्यावरून डेपोपर्यंतचं, तीन दहाला पोचणाऱ्या बसचं. दुसरं डेपोवरून परत, तीन एकवीसचं. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत माणूस डेपोत करतो काय? पुढची गाडी पकडायला आलेली नाही. कुणाला सोडायला आली म्हणावं, तर दुसऱ्याचंही तिकीट असतं. कुणाला तरी भेटायला आली, आणि न भेटता परत गेली.

बायको: कशावरून? भेटून गेली असेल.

नवरा: भेटलेली तिकिटं कुणी जपून ठेवत नाही.

बायको: ...बरंच कळतं तुम्हाला तिचं.

नवरा: बऱ्याच दिवसांनी एखादं पाकीट उघडून मी असा गप्प बसलो. शेजारच्या पासवाल्यानं विचारलं, काय झालं म्हणून.

बायको: म्हणजे आवडली तुम्हाला.

नवरा: आवडायचं काय त्यात? पण एकदा बघायला हवी. समोर बसवून सांगायला हवं, बाई, आधी डोळे दाखवा.

बायको: दिसायला कशी असेल हो?

नवरा: बेताची उंची. हात चांगले असतील. फार बोलत नसेल. बोलली तर आतल्या गाठीचं बोलेल. आपल्या थांब्यावर चढते म्हणजे ह्याच भागातली. तू ओळखत असशील कदाचित.

बायको: चेहऱ्यानं ओळखते.

नवरा: कोण गं?

बायको: कुणी नाही. जेवा. गार होतंय.

*

नणंद: दार लाव आधी. तुझ्या नवऱ्याचं काय ते सांगते, पण मला हसू आवरत नाही आणि रडूही येतंय.

बायको: काल उशिरा आले. विचारलं नाही मी.

नणंद: माझ्या दारात आला होता. गल्लीभर लोकांच्या पायऱ्या चढून घामाघूम. म्हणतो, ताई, ह्या भागात कुणी शिवणकाम करणारी बाई आहे का? फार बोलत नाही, डोळे अधू झालेत, घरी दुर्लक्ष आहे. मी म्हटलं, आहे की. माझी भावजय. तर काय म्हणाला माहीत आहे?

बायको: काय?

नणंद: म्हणाला, तिला सोडून.

बायको: मला सोडून?

नणंद: मी म्हटलं, का बाबा, तिला का सोडून? तर म्हणाला, ताई, थट्टा नको, तिचे डोळे चांगले आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते लहानपणी पाठ केलं होतं. काल दारात उभं असलेलं पाहिलं.

बायको: बघा. बघा म्हणजे. त्या बाईसाठी पायऱ्या चढतायत. तिच्या डोळ्यांची काळजी. काल झोपेत कूस बदलताना काय म्हणाले ठाऊक आहे? गुरुवारी दवाखाना उघडतो. ध्यास लागलाय तिचा.

नणंद: अगं, तिचा म्हणजे तुझाच ना?

बायको: माझा कुठला! मी शेजारी पडले होते, माझ्याकडे पाठ होती. वन्सं, मला त्या बाईचा राग येतो. तिला हात चांगले, तिचा स्वभाव जपून ठेवणारा. तिच्याविषयी बोलताना ह्यांचा आवाज मऊ होतो. मी तेच हात घेऊन ताट वाढते, तर ताटाकडे बघतात.

नणंद: स्वतःचीच सवत होऊन बसलीस की गं.

बायको: तसं म्हणा.

नणंद: आता हे हसण्यावारी नको नेऊस. डोळ्यांचं खरं आहे का?

बायको: कसलं?

नणंद: चिठ्ठीचं. तीन तारखांचं.

बायको: ...सुई ओवून द्यायला शेजारच्या मशीनवरच्या मुलीला सांगते. मुकादमाला अजून पत्ता नाही. कळलं तर कॉलरवरून काढून बटणं मोजायला बसवेल.

नणंद: किती दिवस?

बायको: थंडीपासून.

नणंद: आणि मला सांगितलं नाहीस. भिंतीला भिंत लागून राहतो आपण.

बायको: तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ह्यांना सांगितलं असतं. मला वाटायचं, ह्यांनी आपणहून विचारावं. बाई डोळे बारीक करून तांदूळ निवडतेय, हे दिसत नाही? लोकांची चप्पल दिसते.

नणंद: दिव्याखाली अंधार. पण वातीनंही कधीतरी आपला काजळलेला तोंडवळा पुढे करावा. तो काही मनकवडा नाही.

बायको: पाकिटाशी आहे मनकवडा.

नणंद: ते खरं. बरं, आता पुढे? आज बुधवार. पाकीट आलं तो सोमवार सोडला, तर उद्या तिसरा दिवस.

बायको: तेच सांगायला आले. चिठ्ठीवरचं माझं नाव मी फाडलं, पण दवाखान्याचं नाव आणि तारखा राहिल्या. त्या दवाखान्यात नंबर लावणारी वहीवाली गुरुवारीच येते, संध्याकाळी पाचला. हे म्हणाले, खिडकी सहाला बंद केली की तिच्याकडे जातो, त्या तिन्ही तारखांना कुणाचं नाव खोडलंय ते ती काढून देईल.

नणंद: म्हणजे उद्या कळणारच. मग कशाची चिंता?

बायको: वहीतून कळणार. एका परक्या बाईनं बोट ठेवून सांगायचं, हे बघा साहेब, हिचं नाव. आणि ह्यांनी म्हणायचं, अरेच्चा, ही तर माझी बायको. नको मला ते. त्यापेक्षा गोदाम बरं.

नणंद: मग तू आधी जा.

बायको: कुठे?

नणंद: खिडकीवर. पाकीट हरवलंय ना तुझं? मग ज्यांची हरवतात ती जिथं जातात, तिथं जा. मात्र भांडायला जाऊ नकोस. रांगेत उभी राहा.

*

(बस डेपोतली हरवलं-सापडलंची खिडकी. दुपारचे चार. तिच्या मागे छत्री हरवलेले एक काका.)

नवरा: पुढचे कोण? ...अगं, तू? आता ह्या वेळेला? घरी काही झालं का?

बायको: काही नाही. ...नाही, झालंय. पाकीट हरवलंय माझं.

नवरा: तुझं? कधी? मग घरी सांगायचं नाही का? एवढ्यासाठी कारखाना बुडवलास?

बायको: घरी तीन दिवस तेच बोलत होतो आपण. म्हणून म्हटलं, खिडकीवर जाऊन बोलू.

नवरा: मला नाही समजलं.

बायको: तपकिरी आहे. बटणाचं. साधं. अशी हजार बघता तुम्ही.

नवरा: तपकिरी? बटणाचं?

बायको: विचारा ना. एकवीस वर्षं सगळ्यांना विचारता. मालकानं आतल्या वस्तू सांगितल्याशिवाय ड्रॉवर उघडायचा नाही, हा नियम आहे ना?

नवरा: नियम आहे.

बायको: मग विचारा.

नवरा: आत... आत काय आहे ते सांगा.

बायको: कागदात टोचलेल्या दोन सुया. खोकल्याच्या गोळ्या, चार. तुम्हाला तीन मिळाल्या असतील, एक मी बसमध्ये खाल्ली. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, वरून फाडलेली. मीच फाडली.

नवरा: सावकाश. लिहून घ्यावं लागतं.

बायको: घ्या लिहून.

काका: चालू द्या, चालू द्या. माझी नुसती छत्री आहे.

नवरा: चिठ्ठी. तीन तारखा. तिन्ही वेळा... का गेला नाहीत?

बायको: हे वहीत लिहायचं असतं?

नवरा: नाही.

बायको: पहिल्यांदा तुम्ही व्हायोलिनची तार घेऊन फिरत होतात. दुसऱ्यांदा मला भीती वाटली. तिसऱ्यांदा वाटलं, बघू, कुणी विचारतंय का.

नवरा: ...पुढे.

बायको: दोन तिकिटं.

नवरा: तीन दहा आणि तीन एकवीस. कुणाला भेटायला आला होतात?

बायको: खिडकीवाल्याला.

नवरा: मग न भेटता का गेलात?

बायको: खिडकीशी गर्दी होती. एकाच बाईची.

नवरा: तो शुक्रवार. बिस्किटांचा पुडा. ...त्यांना मी काय सांगत होतो, खरं सांगतो, मला आता आठवतही नाही.

बायको: मला तरी कुठे ऐकू आलं? हसणं तेवढं ऐकू आलं. तेच घेऊन गेले घरी.

नवरा: हाक मारायची होतीस.

बायको: मारली असती. पण मला बघून तुमचं हसू थांबलं असतं तर? ते नसतं बघवलं. म्हणून खांबाआडूनच गेले.

काका: मी जरा तिकडं जाऊन बसतो, बाई.

बायको: बसा काका, तुमचा नंबर राहील. ह्यांच्याकडे नंबर चुकत नाही.

नवरा: मी परवा ताईच्या दारात गेलो होतो.

बायको: कळलं मला. तिला सोडून.

नवरा: ...तसं म्हणालो मी.

बायको: तसंच म्हणालात.

नवरा: अगं, पाकीट उघडलं की सगळं समोर पडतं. सुई पडते, चिठ्ठी पडते. तुला विचारलं की तू म्हणतेस, काही नाही. पाकीट तसं म्हणत नाही. म्हणून मला... मला तेच वाचायची सवय लागली असेल.

बायको: मी तसं म्हणते, हे कबूल आहे. पण तुम्हीही एकदाच विचारता आणि वळून झोपता. व्हायोलिनवालीसाठी सात दुकानं केलीत.

नवरा: कबूल.

बायको: एक वस्तू राहिली.

नवरा: तुकडा.

बायको: निळा. नखाएवढा. चारी बाजूंनी टाके.

नवरा: तो कुठला आहे ते नाही कळलं मला. पहिल्या दिवसापासून विचार करतोय. कुणासाठी शिवत होतीस?

बायको: शर्ट बाहेर काढा.

नवरा: इथं?

बायको: मालकानं पुरावा द्यायचा असतो ना? देते. शर्टाची खालची दुमड उलटी करा. उजव्या हाताला, बाजूच्या शिवणीपाशी.

नवरा: लोक बघतायत.

काका: बघू द्या हो साहेब. मी पाठ करून बसलोय.

नवरा: ...इथं खाच आहे.

बायको: केवढी?

नवरा: नखाएवढी. आणि आतून हा... हा निळा आहे.

बायको: डेपोनं नवा दिला तेव्हा असाच होता सगळा. खिसा नीट शिवलेला नव्हता, बटणं लोंबत होती. मी सगळा उसवून परत शिवला. दोऱ्याचा रंग जुळवायला आतून तुकडा काढला, बाहेरून दिसू नये म्हणून. बाहेर उन्हानं आणि धुण्यानं त्याचा राखाडी झाला. दुमडीच्या आत काही पोचत नाही.

नवरा: चार वर्षं घालतोय मी हा.

बायको: मीही चार वर्षं धुतेय.

नवरा: थांब, तुकडा काढतो. ...बसतोय. बरोबर बसतोय खाचेत.

बायको: बसणारच. मीच कापलाय. झाली का खात्री मालकाची?

नवरा: झाली. सही लागेल.

बायको: कुठं करू? रेघ दिसत नाहीये मला नीट.

नवरा: इथं. माझ्या बोटाच्या वर. ...तू डाव्या हातानं सही करतेस?

बायको: सगळंच डाव्या हातानं करते. पोळीसुद्धा.

नवरा: ...ताईला म्हणालो, तिचे डोळे चांगले आहेत. किती खात्रीनं म्हणालो.

बायको: राहू द्या आता. पाकीट द्या.

नवरा: देतो. आज गुरुवार. पाचला दवाखाना उघडतो. मी तिथं जाणारच होतो.

बायको: नाव काढायला.

नवरा: हो. आता डोळे दाखवायला जाऊ. चल.

बायको: आत्ता? खिडकी सहापर्यंत असते. रांग आहे.

नवरा: पाटी लावतो.

बायको: कोणती?

नवरा: एकच तर आहे. ‘पाकीट परत करायला गेलो आहे.’ काका, या. तुमची छत्री. मुठीला काय आहे ते सांगा.

काका: लाल दोरा गुंडाळलाय. नातीनं.

नवरा: ही घ्या. इथं सही करा.

काका: केली. पण साहेब, ही पाटी बघून मागून कुणी आलं तर काय सांगू? किती वेळ लागेल?

नवरा: सांगा, आज नाही उघडत. उद्या...

बायको: त्या व्हायोलिनवालीला सहा दिवस दिले होते ह्यांनी.

नवरा: अगं, आता तरी...

बायको: सात सांगा, काका.